चार्ज घेण्याआधी नग मोजा

प्रश्न : मुलीने मेकॅनिकल डिप्लोमा करून अंबडच्या एका टूलरूममध्ये चार वर्षं काढली. ऑगस्टपासून एका खासगी आयटीआयमध्ये फिटर ट्रेडची निदेशक आहे. रोज रडवेली होऊन घरी येते. मुलं वीस, वाईस (काम घट्ट धरायचे शिकंजे) दहा, मुलं ऐकत नाहीत, त्यात स्टोअरचा चार्जही तिच्याच गळ्यात घालताहेत. मी निवृत्त टर्नर. तिला परत कंपनीत जायला सांगू का?
– एक वडील, सिडको, नाशिक

उत्तर : नमस्कार. एवढ्यात नको. निदान ही बॅच परीक्षेला बसेपर्यंत तरी थांबा.

टूलरूममध्ये ती स्वतः काम करत होती. इथे ज्यांनी आयुष्यात फाईल, म्हणजे कानस, हातात धरली नाही, त्यांच्याकडून ते करून घ्यायचंय. हाताला सवयीने येतं ते तोंडाने सांगता येत नाही, आणि नवे निदेशक इथेच अडखळतात. तुम्हीसुद्धा अडखळाल, करून बघा! संध्याकाळी तिला समोर बसवा आणि जॉब, म्हणजे घडवायचा लोखंडी तुकडा, काटकोनात कसा आणायचा ते बोलून दाखवायला सांगा. गुण्या लावून जॉब उजेडाकडे धरायचा. जिथून उजेड येतो तिथे खोल, जिथे टेकतो तिथे उंच, आणि फाईल मारायची ती टेकतो तिथे. नवी पोरं नेमकी उजेडाच्या जागी घासत बसतात. हे एक वाक्य तिला सापडलं की निम्मा वर्ग ऐकायला लागेल.

वाईस दहा आहेत ना, मग दहाच जण वाईसवर. बाकीचे दहा सरफेस प्लेटच्या सपाट पाट्यावर मार्किंगला, म्हणजे रेघा आखायला, मधल्या सुट्टीनंतर अदलाबदल. वीसही जण एकदम उभे केले की दहा रिकामे राहतात, आणि रिकामी पोरं हॅकसॉचे ब्लेड तोडतात.

मला खरी काळजी चार्जची वाटते. नवा माणूस भिडेपोटी डेड स्टॉक रजिस्टरवर (टिकाऊ सामानाच्या नोंदवहीवर) सही करतो आणि दोन वर्षांनी ऑडिटला नसलेले व्हर्नियर (बारीक मापं घ्यायची साधनं) त्याच्या नावावर निघतात. एका ठिकाणी मीही अशी सही करून बसलो होतो. एकेक नग मोजून, तुटका-बंद वेगळा लिहून, आधीच्या माणसाची आणि प्राचार्यांची सही झाल्याशिवाय तिने किल्ली घेऊ नये. राग येईल त्यांना, येऊ दे.

हजेरीचंही आत्ताच बघावं. परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी लागते, आणि दिंडोरी-निफाडकडची मुलं द्राक्षांच्या हंगामात गायब होतात. घरी पैसा लागतो, ओरडून उपयोग नाही. त्यांची प्रॅक्टिकल्स जानेवारीच्या आत उरकून घ्यावीत आणि पालकांना आधीच बोलावून घ्यावं.

पुढेमागे तिने सीआयटीएस करावा. निदेशकांसाठीचा तो एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे, मुंबईत चुनाभट्टीच्या एनएसटीआय या केंद्र सरकारच्या प्रशिक्षण संस्थेतही होतो. शिकवायचं कसं हे तिथे रीतसर शिकवतात, आणि सरकारी भरतीच्या वेळी कागदही हाती असतो. पण या वर्षी नको, बॅच अर्ध्यावर टाकून तर नकोच.

तुमच्यासाठी एक काम. मुलं चपला घालून वर्कशॉपमध्ये येत असतील, बहुतेक ठिकाणी येतात. अंबड-सातपूरच्या तुमच्या ओळखीच्यांकडे जुने सेफ्टी शूज पडलेले असतील तर मागून बघा. सहा ते नऊ नंबरचे घ्या, आणि एखादा माप मोठा असला तरी चालेल, या पोरांचे पाय अजून वाढतात.