बायबलमधल्या लो-दबार या गावाच्या नावाचा अर्थ खरंच 'कुरण नसलेली जागा' असा आहे का?

तुम्ही प्रवचनात ऐकलेला अर्थ अगदीच हवेतला नाही, पण मला तो पटत नाही. हौसेखातर थोडं हिब्रू शिकलोय, त्या जोरावर सांगतो.

'लो' म्हणजे नाही. पुढची अक्षरं द-ब-र. त्यांचा नेहमीचा शब्द 'दाबार', म्हणजे शब्द, गोष्ट, वस्तू. याच अक्षरांचा, कुरण या अर्थाचा एक दुर्मिळ शब्द मीखाच्या पुस्तकात (2:12) सापडतो. प्रवचनकार 'कुरण' आणतात ते तिथून. दावीद राजाचा जिवलग मित्र योनाथान, त्याचा पायांनी अधू मुलगा मफीबोशेथ लो-दबारला माखीरच्या घरी राहत होता आणि दावीद राजाने त्याला तिथून आणून आपल्या पंगतीला बसवलं (2 शमुवेल 9). उजाड माळावरून थेट राजाच्या पंगतीला! प्रवचनाला याहून काय हवं?

पण तेच पुस्तक आणखी आठ अध्याय वाचा. मुलाच्या बंडामुळे पळालेला दावीद महनाईम या गावी पोचतो, तेव्हा तिघे जण शिधा घेऊन येतात. त्यातला एक हाच लो-दबारचा माखीर. अंथरुणं, मातीची भांडी, गहू, जव, मसूर, मध, दही, मेंढरं असं सगळं आणलंय. जिथे चारा उगवत नाही तिथल्या माणसाचं हे वर्णन वाटतं का?

त्यातून मूळ मजकुरात नावाचं लेखनही एकसारखं नाही. नवव्या अध्यायात 'लो' वाव अक्षराने लिहिलाय. तसा लिहिला की त्याचा अर्थ 'त्याला' असा होतो. सतराव्यात तोच आलेफ हे अक्षर लावून, म्हणजे 'नाही'. यहोशवा 13:26 मधलं गाव बहुधा हेच, तिथे नुसतं ल-द-ब-र. लिहिणाऱ्यांच्या कानाला त्यात ठामपणे 'नाही' ऐकू येत असतं, तर इतकी ओढाताण झाली नसती. माझ्या मते हे यार्देन नदीच्या पूर्वेकडचं एक जुनं गावनाव, आणि 'नाही' त्याला मागाहून चिकटलं.

ते चिकटवण्यात आमोस या संदेष्ट्याचा मोठा हात असावा. इ.स.पू. आठव्या शतकात इस्राएलचा राजा दुसरा यराबाम याने पूर्वेकडचा मुलूख परत मिळवला होता आणि लोक खुशीत होते. आमोस (6:13) त्यांना टोमणा मारतो. त्याचा आशय असा: लो-दबार मिळालं म्हणून नाचता, आणि म्हणता, कर्नाईम आम्ही आपल्याच बळावर घेतलं! 'कर्नाईम' हेही गावच, त्याचा अर्थ दोन शिंगं, आणि शिंग हे तिथे ताकदीचं चिन्ह. म्हणजे हाती आलं 'काहीच नाही' आणि मिरवताय शिंगं. काही भाषांतरकारांनी दोन्ही नावांचा नुसता अर्थच लिहिला, त्यामुळे गावंही गायब झाली आणि विनोदही.

तेव्हा 'लो-दबार म्हणजे काहीच नाही' हा अर्थ वापरायचा असेल तर खुशाल वापरा, फक्त तो आमोसच्या नावावर टाका. मफीबोशेथच्या गोष्टीत तो मला तरी दिसत नाही.