अस्थिर ओढ्याचे पुनरुज्जीवन : आराखड्यापूर्वी एवढे पाहा

काठ ढासळणाऱ्या अस्थिर ओढ्याच्या पुनरुज्जीवनाची सुरुवात कशी करावी, अशी विचारणा आपण आराखडा काढण्यापूर्वीच केलीत, हे फार बरे झाले. बहुतेक जण काठावर दगड रचून झाल्यावर विचारतात. काठ ढासळताना दिसतो म्हणून दोष काठाचाच आहे असे मानणे, ही नवख्यांची सर्वांत महागडी चूक होय. पुष्कळदा तळ खचत असतो, त्यामुळे काठांची उंची वाढते आणि ते स्वतःच्याच वजनाने कोसळतात. अशा वेळी दगडी अस्तर कितीही जाड केले तरी पाया खालून निसटतोच. म्हणून प्रथम प्रवाहाच्या दिशेने खाली चालत जा आणि तळात अचानक पडलेली पायरी शोधा, कारण अशी पायरी पुरागणिक वरच्या बाजूस सरकत येते.

सुरुवातीला एवढे पुरे :

- पात्राच्या रुंदीच्या सुमारे वीसपट लांबीपर्यंत तळाचा उतार मोजावा.
- पात्राचा आकार महापुरावरून ठरवू नये. साधारणपणे दर एक-दोन वर्षांनी काठोकाठ येणाऱ्या प्रवाहावरून ठरवावा. पात्र फार रुंद केले, तर पाणी उथळ होऊन गाळ साचतो.
- वळणे सरळ करू नयेत. लांबी घटली की उतार वाढतो आणि तळ पुन्हा खचू लागतो.

पाणलोटातून येणारे पाणी आणि गाळ यांचे प्रमाण अलीकडे कशामुळे बदलले, हेही शोधावे लागेल. प्रवाहाचे गणित मांडणाऱ्या संगणकीय प्रारूपांचा विचार मात्र तूर्त बाजूला ठेवा. उताराची मोजमापे हाती आल्याशिवाय त्यांचा उपयोग नाही.