इंटरनेट बंद पडल्यावर आधी काय तपासावे

संगणकावरचे इंटरनेट बंद पडल्यावर आधी काय तपासावे, हे आपण सेटिंग बदलण्यापूर्वी विचारलेत हे फार चांगले केलेत, कारण बहुतेक नवखे लोक थेट ‘नेटवर्क रीसेट’ (नेटवर्कच्या सगळ्या सेटिंग मूळ स्थितीत आणणे) करून मोकळे होतात आणि त्यात जतन केलेले वाय-फायचे पासवर्डही पुसले जातात. तो उपाय अगदी शेवटचा समजावा.

प्रथम त्याच वाय-फायवर मोबाइल चालतो का, ते पाहावे. मोबाइल डेटा मात्र बंद ठेवावा, हे हमखास विसरले जाते. मोबाइलही चालत नसेल, तर दोष बहुधा राउटरमध्ये किंवा बाहेरच्या जोडणीत असतो आणि संगणकाच्या सेटिंगला हात लावण्याचे कारण उरत नाही.

मोबाइल चालत असेल, तर विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट (आज्ञा टाइप करण्याची खिडकी) उघडून ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा रोमन अक्षरांत (ipconfig) द्यावी.

- आयपी पत्ता (नेटवर्कवर संगणकाला ओळखण्याचा क्रमांक) १६९.२५४ ने सुरू होत असल्यास संगणकाला राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही. अशा वेळी वाय-फाय तोडून पुन्हा जोडावे आणि पत्ता आपोआप घेण्याचा पर्याय निवडलेला आहे ना, याची खात्री करावी.
- पत्ता ठीक असल्यास ८.८.८.८ या गूगलच्या सर्व्हरला पिंग करावे, म्हणजे त्याच खिडकीत ‘ping 8.8.8.8’ ही आज्ञा देऊन तिथून उत्तर येते का ते पाहावे. उत्तर येऊनही संकेतस्थळे उघडत नसतील, तर डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आयपी पत्ता शोधणारी सेवा) किंवा प्रॉक्सी (मध्यस्थ सर्व्हरमार्फत इंटरनेट वापरण्याची सेटिंग) तपासावी.

एका वेळी एकच सेटिंग बदलावी आणि जुने आकडे आधी कागदावर उतरवून ठेवावेत.