वाचकांचे प्रश्न : जुनी नाणी आणि मेटल डिटेक्टर

प्रश्न : गोव्यात सांग्याजवळच्या आमच्या कुळागरात (नारळ-सुपारीच्या बागेत) मेटल डिटेक्टर जमिनीजवळ नेला की वाजतच राहतो. खणले तर नुसती लाल माती. यंत्र बिघडले आहे का?

उत्तर : यंत्र ठीक आहे, जमीन तशी आहे. जांभ्या मातीत लोह भरपूर असते आणि सांगे तर लोखंडाच्या खाणींचा तालुका. जिथे आवाज एकसारखा येतो अशी जागा निवडा आणि कॉइल (दांड्याच्या टोकाची चकती) जमिनीपासून दोन-तीन सेंटिमीटर ते वीतभर अशी खालीवर करत ग्राउंड बॅलन्स, म्हणजे जमिनीतल्या लोहाकडे यंत्राने दुर्लक्ष करावे यासाठीची सेटिंग, जुळवा. वर-खाली नेताना आवाज बदलेनासा झाला की जुळले. मातीचा रंग पालटला की पुन्हा जुळवायचे. बहुतेक जण इथेच चुकतात. सेन्सिटिव्हिटी (यंत्राची संवेदनशीलता) निम्म्यावर आणा. अशा जमिनीत ती पूर्ण ठेवली तर खोली वाढत नाही, गोंगाट तेवढा वाढतो. सहा इंची लहान कॉइल मिळाली तर उत्तम, कारण ती एका वेळी थोडीच माती पाहते.

संशय आला की त्याच जागेवरून कॉइल आधी पुढे-मागे, मग डावी-उजवीकडे फिरवा. यंत्राच्या पडद्यावर दिसणारा नाण्याचा आकडा दोन्हीकडून जवळपास तोच येतो. चिऱ्याचा तुकडा किंवा गंजका खिळा असेल तर आकडा उड्या मारतो. बाटलीचे पत्र्याचे बूच मात्र भल्याभल्यांना फसवते. ते खणूनच कळते.

प्रश्न : घराच्या पायरीजवळ तांब्याचे हिरवे पडलेले नाणे मिळाले. चिंचेने घासले तर वाचता येईल का?

उत्तर : कृपा करून घासू नका. चिंच, लिंबू, कोकम, भांड्यांची पावडर, काहीच नको. पुष्कळदा अक्षरे त्या हिरव्या थरातच उरलेली असतात. आम्लाने थर गेला की तीही जातात. नाणे आठवडाभर डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवा, पाणी रोज बदला, सुटलेली माती बांबूच्या काडीने अलगद काढा. पूर्ण सुकल्यावर अंधारात टॉर्च अगदी आडवा धरून नाणे सावकाश फिरवा. समोरच्या उजेडात न दिसणारे आकडे सावलीने उठून येतात.

राजाच्या डोक्याभोवती रोमन अक्षरांत ‘लुदोविकुस’ दिसले तर नाणे पोर्तुगालचा राजा लुईश पहिला याच्या काळातले. पोर्तुगीज गोव्यातल्या नाण्यांची ही नवी मालिका १८८१ पासूनची. ‘कार्लुश’ (त्याच्यानंतरचा राजा) असेल तर १९०१ किंवा त्यानंतरचे. ‘क्वार्तु द तांगा’ म्हणजे पाव तांगा, १५ रेइश (तांगा, रेइश ही तेव्हाची चलने). सोळा तांग्यांची एक रुपिया. चांदीची १८८१ ची रुपिया ब्रिटिश रुपयाच्याच वजनाची, ११.६६ ग्रॅम, काट्यावर बराच फरक आला तर नक्कल समजा. सेंटाव्हुश किंवा एस्कुद (नंतरची पोर्तुगीज चलने) लिहिले असेल तर ते १९५८ किंवा त्यानंतरचे.

फिकट हिरवी भुकटी सुटणारे ठिपके दिसले तर ते नाणे वेगळे काढा. तो क्षारांचा रोग आहे, आपल्या दमट हवेत नाणे खात जातो. घट्ट डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा आणि पावसाळ्यात त्या बदलत राहा.

प्रश्न : जुन्या गोव्याच्या आसपास शोध घेता येईल का?

उत्तर : संरक्षित वास्तूंच्या आवारात परवानगीशिवाय खणणे गुन्हा आहे. इतरत्र जमीनमालकाची लेखी संमती घ्या. जमिनीत पुरलेला ठेवा १० रुपयांहून जास्त किमतीचा असेल तर १८७८ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. एकाच खड्ड्यात पाच-सहा नाणी निघाली तर तिथेच थांबा, फोटो काढा, पुढे खणू नका. ती कोणत्या थरात, कशात ठेवलेली होती, ही माहिती खड्डा उकरला की कायमची जाते.