तुमचे प्रश्न : अंधाऱ्या सभागृहासाठी कोणती लेन्स?

प्रश्न : मुलीच्या भरतनाट्यम वर्गाचे कार्यक्रम डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृहात होतात. फ्लॅश वापरायला परवानगी नाही. निकॉन डी ५६०० आणि त्याच्यासोबत आलेल्या १८-५५ मिमी किट लेन्सवर आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ६४०० ठेवूनही हातपाय हललेले येतात. ५० मिमी एफ १.८ घ्यावी की ८५ मिमी? एक जुनी ५० स्वस्तात मिळते आहे.
— एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : तुमची किट लेन्स ५५ मिमीला एफ ५.६ पेक्षा जास्त उघडत नाही. एफचा आकडा म्हणजे फोकल लेन्थ (लेन्सवरचे मिमी) भागिले अ‍ॅपर्चरचा, म्हणजे उजेड आत सोडणाऱ्या छिद्राचा व्यास. आकडा लहान तर छिद्र मोठं, आणि उजेड वाढतो तो व्यासाच्या वर्गाने. म्हणून एफ १.८ वर सेन्सरला जवळजवळ दहापट उजेड मिळतो. आज शटरचा वेग १/४० सेकंद मिळत असेल तर तिथे १/४०० मिळेल, किंवा आयएसओ ३२०० वर आणून १/२००. पायांचं काम चालू असताना १/२५० पेक्षा संथ जाऊ नका. मुद्रा धरून थांबलेल्या क्षणाला १/१२५ पुरतं. लेन्समधलं व्हीआर (थरथर कमी करणारी यंत्रणा) तुमच्या हाताची थरथर सावरतं, नर्तिकेची हालचाल नाही.

५० की ८५, हे तुम्ही बसता कुठे त्यावर आहे. ६ मीटरवरून, कॅमेरा आडवा धरून, ५० मध्ये सुमारे २.८ मीटर रुंदी मावते, ८५ मध्ये १.७. कॅमेरा उभा केलात तर ५० मध्ये एकल नर्तिका उंचावलेल्या हातांसकट बसते. ८५ मध्ये हात किंवा पाय कापले जातात. शिवाय एफ १.८ ला ८५ वर फोकसमध्ये राहणारी खोली जेमतेम ३५ सेंमी, ५० वर जवळपास १ मीटर. पहिली लेन्स म्हणून आमचं मत स्पष्टपणे ५० ला. दहा-बारा मीटरवरच जागा मिळत असेल तर ८५.

ती स्वस्तातली जुनी ५० मात्र नीट बघा. ती एएफ-डी (निकॉनची जुनी मालिका) असेल तर तिच्यात फोकसची मोटर नसते, आणि डी ५६०० च्या बॉडीतही ती नाही. फोकस हातानेच करावा लागेल. लेन्समध्येच मोटर असलेली एएफ-एस ५० मिमी एफ १.८ जी घ्या. उद्या निकॉनचा झेड (मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला) कॅमेरा आलाच, तर त्यावर जुन्या लेन्स बसवणाऱ्या एफटीझेड अडॅप्टरवर तिचा ऑटोफोकस चालतो, एएफ-डीचा नाही.

आणखी एक. मागचा काळा पडदा कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला फसवतो आणि चेहरे पांढरेफटक येतात. एक्स्पोजर मॅन्युअलवर ठेवा, नाहीतर -१ ची भरपाई (एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन) द्या.

प्रश्न : दोन-तीन वर्षं थांबलं तर सेन्सरच इतके सुधारतील का, की फास्ट (एफ १.८ सारख्या, जास्त उघडणाऱ्या) लेन्सची गरजच उरणार नाही?
— एक वाचक, वाशी

उत्तर : नाही, आणि याचं कारण भौतिकशास्त्रात आहे. आजचे चांगले सेन्सर पिक्सेलपर्यंत पोचलेल्या प्रकाशकणांपैकी निम्म्याहून अधिक टिपतात. म्हणजे उरलेले सगळे टिपले तरी फायदा एका स्टॉपपेक्षा (उजेड दुप्पट होण्याच्या एका पायरीपेक्षा) कमी. एफ ५.६ वरून एफ १.८ वर येण्यात सव्वातीन स्टॉप मिळतात. मोबाइलसारखे अनेक फ्रेम जोडून नॉइज (चित्रातले दाणे) कमी करता येतो, पण समोरचं स्थिर असेल तेव्हाच खरा उपयोग.

बदलतो आहे तो सेन्सर वाचण्याचा वेग. २०२१ च्या निकॉन झेड ९ चा सेन्सर इतका झटपट वाचला जातो की त्यात यांत्रिक शटरच नाही. २०२३ च्या सोनी ए ९ थ्रीचा ग्लोबल शटर सगळे पिक्सेल एकदम वाचतो, त्यामुळे एलईडीच्या उजेडात येणारे आडवे पट्टे आणि वेगाने फिरणारी बॅट वाकडी दिसणं, दोन्ही जातं. त्याची किंमतही आहे : त्याचा मूळ आयएसओ (नेहमीच्या कक्षेतला सर्वांत कमी, सर्वांत स्वच्छ चित्र देणारा आकडा) २५० आहे, बहुतेकांचा १०० असतो. म्हणजे लेन्सची गरज अशा डिझाइनमध्येही तेवढीच. हे तंत्र स्वस्त बॉडीत उतरेल असं आम्हाला वाटतं, पण त्यासाठी लेन्सची खरेदी अडवून ठेवू नका. डीएसएलआरची (डी ५६०० सारख्या आरशाच्या कॅमेऱ्याची) लेन्स अडॅप्टरने मिररलेसवर बसते, कारण तिथे माउंट ते सेन्सर अंतर कमी आहे : निकॉन एफमध्ये ४६.५ मिमी, झेडमध्ये १६. उलट दिशेने हे जमत नाही.

प्रश्न : वापरलेली फास्ट लेन्स घेताना काय तपासावं?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : अ‍ॅपर्चर पूर्ण उघडून लेन्समधून तिरका टॉर्च मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी. लेन्स घेऊ नका. अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर तेल असेल तर ती उशिरा मिटतात आणि फोटो जास्त उजळ येतात. मग भिंतीवर वर्तमानपत्र सपाट चिकटवा, कॅमेरा ट्रायपॉडवर त्याला समांतर ठेवा आणि एफ १.८ व एफ ४ ला फोटो काढा. एफ ४ लाही एकच कोपरा धूसर असेल तर आतली काच सरकलेली आहे.

खाडीकाठच्या पावसाळी हवेत लेन्स चामड्याच्या केसमध्ये ठेवू नका. हवाबंद डबा, सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहू द्या. जेलचा रंग बदलला की ते तापवून कोरडं करून परत वापरता येतं.