दोन सॅक, एक खोली : हनोईबद्दल तुमचे प्रश्न

मुंबईहून थेट विमानं मिळायला लागल्यापासून व्हिएतनामच्या राजधानीबद्दलच्या, म्हणजे हनोईबद्दलच्या पत्रांना खंड नाही, आणि त्यातली निम्म्याहून अधिक जोडप्यांची. सॅक पाठीवर टाकून, टूर कंपनीशिवाय, दोघंच निघालेली. बहुतेक पत्रांचा रोख एकच असतो : पैसे कुठे वाचतील? माझा रोख थोडा वेगळा आहे, तो उत्तरांतून कळेलच.

प्रश्न : फेब्रुवारीअखेर पाच रात्री हनोईत आहोत. बजेट आखडतं आहे. हॉस्टेलच्या डॉर्ममध्ये दोन बेड घ्यावेत की स्वतंत्र खोली? – एक जोडपं, नाशिक

खोली. एकट्याला डॉर्म परवडतं, दोघांना त्यातून फारसं काही वाचत नाही. बेडमागे दीड-दोन लाख डोंग धरलेत, तर दोघांचे तीन-चार लाख झाले. चार ते सहा लाखांत साधी, स्वच्छ, एसी खोली मिळते. (आकडे ऐकून दचकू नका. हजार डोंग म्हणजे साधारण साडेतीन रुपये, एवढा हिशोब डोक्यात ठेवा.)

खोली घेताना मात्र एकच गोष्ट नीट बघा : खिडकी. ओल्ड क्वार्टरमधली, म्हणजे जुन्या शहरातली घरं दर्शनी बाजूला जेमतेम दोन-तीन मीटर रुंद आणि आत खोलच खोल. पूर्वी दुकानाच्या रुंदीवर कर बसायचा म्हणून ती अशी बांधली, असं सांगतात. अशाच घरांची आता हॉटेलं झाली आहेत, त्यामुळे मधल्या खोल्यांना खिडकीच नसते. कधी असते, पण पडदा सरकवला की समोर जिना किंवा शेजारच्याची भिंत. फोटोत पडदा ओढलेलाच दिसत असेल तर तिथे खिडकी नाही असं समजून चाला, आणि ‘बाहेर उघडणारी खिडकी आहे का’ हे बुकिंगआधी लिहून विचारा.

फेब्रुवारीअखेर हे जास्तच महत्त्वाचं. त्या दिवसांत तिथे धुक्यासारखी बारीक झिमझिम चालू असते आणि हवेत इतकी ओल असते की फरशीला आणि आरशाला घाम फुटतो. रात्री धुऊन टाकलेला टी-शर्ट सकाळी तितकाच ओला. बिनखिडकीच्या खोलीत दोघांचे ओले मोजे लटकलेले, तिसरा दिवस, आणि भांडण कशावरून सुरू झालं तेही आठवत नाही! कपडे गल्लीतल्या लाँड्रीत द्या. किलोवर घेतात आणि ड्रायरमधून काढून घडी घालून देतात. तारखा एकदा कॅलेंडरवर ताडून बघा. तेत, म्हणजे त्यांचं नवीन वर्ष, जानेवारीअखेर ते फेब्रुवारी यादरम्यान येतं आणि तेव्हा काही दिवस बरीच दुकानं नि खाणावळी बंद असतात.

आणि एक जाडसर जॅकेट घ्या. ‘आग्नेय आशिया म्हणजे उकाडा’ असं गृहीत धरून हाफ पँटवर आलेले आपले लोक तिथे कुडकुडताना दिसतात. डिसेंबर ते फेब्रुवारीत पारा सहज पंधरा अंशांखाली उतरतो.

प्रश्न : आमचं लग्न झालेलं नाही. हॉटेलात अडवतील का? – पुणे

नाही. तुम्ही दोघं भारतीय, दोघांकडे पासपोर्ट आणि व्हिसा. लग्नाचा दाखला कोणी मागत नाही. पासपोर्ट मात्र दोघांचेही मागतील, कारण परदेशी पाहुण्याची नोंद पोलिसांकडे करणं हॉटेलला बंधनकारक आहे. नोंद झाली की पासपोर्ट परत मागून घ्या, काउंटरच्या खणात राहू देऊ नका. रस्त्यात हात धरून चाललात तर कोणी वळूनही बघणार नाही. देवळांत आणि हो ची मिन्ह यांच्या समाधीस्थळी तेवढं भान ठेवा, तिथे खांदे-गुडघे झाकलेले लागतात.

प्रश्न : मी शुद्ध शाकाहारी, नवरा सगळं खातो. त्याला तिथलं रस्त्यावरचं खाणं खायचंय. माझी उपासमार होईल का? – सांगली

उपासमार होणार नाही, पण डोळे झाकून काही तोंडात टाकायचं नाही. अडचण मांसाच्या तुकड्यांची नाही, ते दिसतात. अडचण न दिसणाऱ्या गोष्टींची आहे. फो या नूडल्सच्या सूपचं पाणी हाडं उकळून केलेलं असतं. लसूण घालून परतलेली हिरवीगार पालेभाजी समोर येते, तिच्यात नुओक माम हा माशांचा सॉस किंवा डुकराच्या हाडांच्या चवीचा मसाला असू शकतो. सकाळी टोपलीतून विकायला येणारा पिवळाधमक भात, सोय सेओ, बघून तर आपल्याला मुगाची खिचडीच वाटते : चिकट तांदूळ, वर मुगाच्या डाळीचा मऊ गोळा सुरीने पातळ कापून घातलेला, त्यावर कुरकुरीत तळलेला कांदा. पण शेवटी वरून जो चमचाभर ‘तेल’ सोडतात, ती बरेचदा चरबी असते. ते न घालायला सांगा. पण कांदाही त्याच चरबीत तळलेला असू शकतो, तेव्हा कडक पाळत असाल तर सोडून द्या.

तुमचा शब्द ‘चाय’. तिथे तो चहा नव्हे, शाकाहार. ‘तोय आन चाय’, म्हणजे मी शाकाहारी खाते. ‘कोम चाय’ अशी पाटी दिसली की निर्धास्त आत शिरा. हे बौद्ध पद्धतीचं शाकाहारी जेवण : टोफू, मशरूम, भाज्या, भात, आणि मसाल्यात मासे नाहीत. ताटात मासा किंवा डुकराचा तुकडा दिसला तर घाबरू नका, सोयाबीनचा हुबेहूब नमुना असतो. मला स्वतःला हा प्रकार कळत नाही. जे खायचंच नाही त्याचा आकार कशाला? असो. चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे अमावास्येच्या आसपास आणि पौर्णिमेला, तिथले बरेच लोक चाय पाळतात, आणि त्या दिवशी अशी ठिकाणं भरून वाहतात. जमलं तर पौर्णिमा साधा.

आता नवऱ्याचं. त्याला बुन चा, म्हणजे भाजलेलं डुकराचं मांस आणि तांदळाच्या शेवया, खाऊ द्या. दुपारी फुटपाथवर कोळशावर डुकराचं मांस भाजत असतात, धुराने गल्ली भरलेली असते. पण तुम्ही समोर उपाशी बसून त्याचं खाणं बघत राहू नका, त्याने त्याचीही चव जाते नि तुमचाही दिवस. तासभर वेगळे व्हा. तो तिथे, तुम्ही कोम चायमध्ये. मग नारळाच्या कॉफीवर भेटा. गोडात ‘चे’ दोघांना चालेल : वाटीत उकडलेल्या डाळी-कडधान्यं, नारळाचं दूध, जेली आणि बर्फ. प्रसिद्ध एग कॉफीत अंड्याचा पिवळा बलक फेटून घातलेला असतो, तेव्हा ती त्याच्याच वाट्याला. दुधाची टंचाई होती तेव्हा, १९४६ मध्ये, मेट्रोपोल हॉटेलात काम करणाऱ्या गियांग यांनी ती काढली. त्यांच्या घरच्यांचा कॅफे अजून चालू आहे.

प्रश्न : तिथली रहदारी बघून पोटात गोळा येतो. रस्ता ओलांडायचा कसा? – एक वाचक, चिंचवड

चिंचवडहून हा प्रश्न यावा! असो. सावकाश, एका चालीने, न थांबता. स्कूटरवाले तुमच्या चालीचा अंदाज घेऊन बाजूने निघतात. मागे फिरलात किंवा पळालात की त्यांचा अंदाज चुकतो. जोडप्यांचा घोळ वेगळाच. हात घट्ट धरलेले, मधोमध आल्यावर एक पुढे ओढतो, दुसरा मागे, आणि दोघं जागीच खिळतात. कोण पुढे चालणार ते आधी ठरवा, दुसऱ्याने निमूट त्याच्या पावलावर पाऊल टाकावं. बस आणि ट्रकला ही युक्ती लागू नाही, ते जाऊ द्या.

प्रश्न : स्कूटर भाड्याने घेऊन दोघांनी उत्तरेच्या डोंगराळ भागात, ‘हा जियांग’पर्यंत जावं असं मनात आहे. आंतरराष्ट्रीय परवाना काढू. – कोल्हापूर

काढून उपयोग नाही. आपल्याकडे आरटीओ देते तो आंतरराष्ट्रीय परवाना १९४९ च्या रस्तेवाहतूक कराराखालचा आहे. व्हिएतनाम १९६८ च्या करारातला परवाना मानतं. दुकानदार विचारणार नाही, पासपोर्ट किंवा पैसे ठेवून घेईल आणि किल्ली देईल. प्रश्न येतो तो पोलिसांनी थांबवल्यावर किंवा पडल्यावर. वैध परवाना नसेल तर प्रवास विमा हात वर करतो, आणि हाड मोडल्यावर हे कळणं फार महागात पडतं. २०२५ च्या जानेवारीपासून वाहतुकीचे दंडही भरमसाट वाढले आहेत, आणि चालवणाऱ्याच्या रक्तात दारू शून्यच लागते. एक ग्लास बिया होई, म्हणजे तिथली ताजी बिअरसुद्धा नाही.

‘हा जियांग’ सोडू नका पण. हनोईहून ते ३०० किलोमीटरच्या आसपास आहे. रात्रीच्या स्लीपर बसने जा, काही बसमध्ये दोघांचं पडदा ओढायचं केबिन मिळतं. चढताना बूट काढून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायचे आणि पिशवी जवळ ठेवायची. मोजे धुतलेले असू द्या, ही विनंती. पुढचा घाटवळणांचा फेरा स्थानिक चालकाच्या मागे बसून करा. माणशी एक मोटारसायकल आणि एक चालक, म्हणजे दोघांना दुप्पट खर्च. करा. मा पी लेंगच्या खिंडीत खाली न्हो क्वे नदी हिरव्या रेघेसारखी दिसते तेव्हा नजर रस्त्यावर खिळवून ठेवायची नसली तर बरं.

शहरातही हाच हिशोब लक्षात असू द्या. ॲपवरून मागवलेल्या बाइकवर एकच प्रवासी बसतो. दोन बाइक मागवण्याऐवजी एक टॅक्सी बरेचदा तेवढ्यातच पडते. विमानतळावरून मात्र ८६ क्रमांकाची बस धरा. माणशी ४५ हजार डोंग, सॅकला जागा असते, तासाभरात ओल्ड क्वार्टरजवळ सोडते. रोख पैसे देताना नोट उजेडात बघा : वीस हजाराची नि पाच लाखाची, दोन्ही निळ्या.

प्रश्न : लग्नानंतर पासपोर्टवर नाव बदललेलं नाही, तिकीट नव्या आडनावाने काढलं. चालेल का? – ठाणे

चालणार नाही. तिकीट बदला, आजच. ई-व्हिसावरही पासपोर्टवर आहे तेच नाव, त्याच क्रमाने. आपल्याकडे नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव अशी तिहेरी रांग असते. पासपोर्टच्या दोन रकान्यांत ती जशी विभागली आहे तशीच फॉर्ममध्ये उतरवा. व्हिसा दोघांचा वेगळा, सरकारी शुल्क एकदाच प्रवेशासाठी २५ डॉलर, अनेकदा ये-जा असेल तर ५०. लाओसला जाऊन परत हनोईलाच यायचं असेल तर ५० वाला घ्या. सरकारी संकेतस्थळासारखी दिसणारी दलालांची पानं बरीच आहेत. शुल्क याहून जास्त मागितलं की ओळखा.

प्रश्न : त्याला सकाळी सातपासून यादी संपवायची असते, मला एका जागी बसून शहर बघायचं असतं. गेल्या सहलीत चौथ्या दिवशी अबोला झाला. हनोईत काय करू? – छत्रपती संभाजीनगरहून एक वाचक

अबोला चौथ्या दिवशी होतो, कारण पहिले तीन दिवस दोघांनीही मन मारलेलं असतं. घरी तुम्ही दिवसातले आठ-दहा तास एकमेकांपासून लांब असता. इथे चोवीस तास एक खोली, एक नकाशा आणि एका वेळी एकाचाच फोन चार्ज झालेला. म्हणून रोजचे दोन-तीन तास वेगळे फिरण्याचे ठरवूनच टाका, रुसून नाही.

हनोई या बेताला सोयीचं आहे. हो ची मिन्ह यांचं समाधीस्थळ सकाळीच उघडं असतं, सोमवारी आणि शुक्रवारी बंद, रांग लांब, पिशव्या जमा कराव्या लागतात. ते त्याच्या यादीत जाऊ द्या. तुम्ही तेवढ्यात वान मिएउला जा. १०७० मध्ये कन्फ्यूशियससाठी बांधलेलं देऊळ, पुढे तिथेच राजविद्यालय झालं. परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांची नावं कोरलेल्या ८२ शिळा दगडी कासवांच्या पाठीवर उभ्या आहेत, आणि अंगणात सावलीही भरपूर. किंवा ओल्ड क्वार्टरमध्येच हांग थिएकला जाऊन बसा. एकेका धंद्याची एकेक गल्ली, आपल्या पुण्याच्या तांबट आळीसारखी. या गल्लीत पत्रा ठोकतात. कारागीर फुटपाथवर उकिडवा बसून पत्र्याला हातोडीने वळण देतो, तोंडात सिगरेट, समोरून स्कूटर घासून गेली तरी मान वर नाही. शेजारी प्लॅस्टिकच्या ठेंगण्या स्टुलावर बर्फाचा चहा घ्या. एवढ्याशा पैशांत तासभर कोणी उठवत नाही. पायाशी कोणी न विचारता बसून बुटाच्या तळव्याला गोंद लावायला लागला, तर पाय लगेच मागे घ्या. काम उरकल्यावर तो सांगेल तो भाव काहीही असतो.

एकत्र करायची गोष्टही हवी. पहाटे साडेपाचला दोघं होआन किएम तळ्यावर या. बायकांचे एरोबिक्सचे गट, ताई ची, आणि स्पीकर लावून जोडीने नाचणारे आजी-आजोबा. मग लाँग बिएन पुलावर चाला. १९०२ मध्ये पूर्ण झालेला फ्रेंचांचा लोखंडी पूल, मधून रेल्वे, दोन्ही बाजूंनी स्कूटर आणि पायी चालणारे. अमेरिकन बॉम्बहल्ल्यांत तो पुन्हा पुन्हा तुटला, त्यामुळे मूळच्या कमानी सलग उरलेल्या नाहीत. पुलाचं लोखंड पाहायला त्याला आवडेल, खालची केळीची बाग पाहत थांबायला तुम्हाला. आठच्या आत परता, नंतर ऊन चढतं नि स्कूटरही वाढतात.

आणि यादीतली कोणती दोन ठिकाणं गाळायची ते त्यालाच ठरवू द्या, निघण्याआधी, घरी बसून.