निपाणीहून बेळगावला तीन वर्षांच्या मुलीला मोटारसायकलच्या टाकीवर बसवून नेलं तर चालेल का?

नाही, टाकीवर अजिबात बसवू नका. करकचून ब्रेक लागला की मूल हँडलवर आपटतं आणि मागून तुमचं वजन त्याच्यावर येतं. वाऱ्यानं डुलकी लागली तर मान थेट मीटरवर. केंद्रीय मोटार वाहन नियम १३८ मध्ये फेब्रुवारी २०२२ ला दुरुस्ती झाली, ती वर्षभरानं लागू झाली. त्यानुसार नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला:

- चालकाशी बांधणारा, ३० किलो पेलणारा हार्नेस (सुरक्षा पट्टा)
- डोक्याच्या मापाचं हेल्मेट (मोठ्यांचं ढिलं नको)
- वेग ताशी ४० किमीच्या आत

ओढणीनं कमरेला बांधणं म्हणजे हार्नेस नव्हे.

चार वर्षांनंतर हार्नेसची सक्ती नाही, हेल्मेटची आहे. पण पाय फूटरेस्टला टेकत नसतील तर हार्नेस ठेवाच. आणि खरं सांगू? हायवेवर ट्रकांच्या गर्दीत चाळिशीनं जाणं हाच वेगळा धोका, त्यात हंगामात उसाचे ट्रॅक्टर, मागे लाईट नसलेले. गावातल्या गावात ठीक, बेळगावला मात्र कर्नाटकच्या सरकारी बसनं जा. कर्नाटकातल्या महिलांना साध्या सरकारी बसमध्ये मोफत प्रवास देणाऱ्या शक्ती योजनेत मुलीच्या आईला तिकीटही पडणार नाही.